हाँटेड मॅन्शन: भुतं ९९९, सिनेमे दोन, मग गोष्ट कुठाय?

माळ्यावरचा_पेटारा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आलाय. वय वर्षं नऊ. त्याला भुताचा सिनेमा हवा, पण झोप उडवणारा नको. ताईने सोडायला आली तेव्हाच दम देऊन ठेवला होता, "रात्री दोन वाजता रडत फोन आला तर तुला बघून घेईन." म्हणून डिस्नेच्या आश्रयाला गेलो आणि दोन रात्रींत दोन ‘हाँटेड मॅन्शन’ उरकले. एक २००३चा, एडी मर्फीवाला. दुसरा २०२३चा, लाकीथ स्टॅनफिल्डवाला. दोन्ही डिस्नेलँड बागेतल्या याच नावाच्या राइडवरून काढलेत (गाडीत बसून ९९९ भुतांच्या वाड्यातून फिरायचं).

(पुढे गोष्ट फुटणार आहे. ज्यांना पाहायचेत त्यांनी इथूनच परत फिरावं.)

२००३चा: जिम एव्हर्स घरं विकणारा एजंट. बायको सारा धंद्यातली भागीदार. पोरांना घेऊन तळ्याकाठी सुट्टीला निघालेत आणि हा "फक्त वीस मिनिटं" म्हणत वाटेत एका गिऱ्हाइकाचा वाडा बघायला थांबतो. (ही वीस मिनिटं आमच्या घरातही प्रसिद्ध आहेत.) पाऊस कोसळतो, रस्ता बुडतो, मुक्काम पडतो. वाड्याचा मालक ग्रेसी याला सारामध्ये आपली मेलेली प्रेयसी एलिझाबेथ दिसते. तो स्वतःही मेलेलाच. आणि या सगळ्याच्या मुळाशी रॅम्झली नावाचा बटलर (टेरेन्स स्टॅम्प).

२०२३चा: बेन हा शास्त्रज्ञ. बायको अपघातात गेली, तेव्हापासून न्यू ऑर्लिन्समध्ये पर्यटकांना भुतांच्या गल्ल्या दाखवत हिंडतो, पण स्वतःचा भुतांवर काडीचा विश्वास नाही. गॅबी ही डॉक्टर आपल्या मुलाला, ट्रॅव्हिसला घेऊन एका जुन्या वाड्यात राहायला येते. एक पाद्री बेनला पैसे देऊन वाड्यातल्या भुतांचे फोटो काढायला नेतो. गोम अशी की या वाड्यात एकदा पाऊल टाकलं की भूत तुमच्या मागोमाग घरी येतं. त्यामुळे एकेक जण झक मारत परत येतो आणि तिथेच राहतो.

नंतर यूट्यूबवर राइडचे व्हिडिओ पाहिले. प्रत्यक्ष कधी गेलेलो नाही, पण मोबाइलच्या पडद्यावरसुद्धा ती आठ-नऊ मिनिटं दोन्ही सिनेमांपेक्षा भारी वाटली. असं का व्हावं? पैसा आहे, नट आहेत, वाडा तर दोन्हीत देखणा आहे. मला वाटतं मूळ राइडमध्ये गोष्टच नाही, म्हणून सिनेमावाले दर वेळी बाहेरून गोष्ट आणून चिकटवतात आणि सांधा दिसतो. जाणकारांनी उजेड पाडावा. (वाड्यात नको, इथे.)

कापूसकोंड्या

गोष्ट कुठाय म्हणून काय विचारतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

बारा_आण्याचं_तिकीट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऑरेंजकाउंटीकर

घ्या, माझ्या आवडीचा विषय निघाला. अनाहाइमपासून (डिस्नेलँडचं गाव) पंचवीस मिनिटांवर राहतो. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला डिस्नेलँडला नेतो (मी त्याला नाही), त्यामुळे या वाड्यात किती वेळा गेलो त्याचा हिशेब ठेवणं सोडून दिलंय.

पेटारा, तुमचं निदान अर्धं बरोबर आहे. गोष्ट नाही हे खरं, पण ती विसरून राहिलेली नाही. वाड्याचं बाहेरचं बांधकाम १९६३ साली पुरं झालं. आत काहीच नव्हतं. राइड सुरू झाली ९ ऑगस्ट १९६९ ला. मधली सहा वर्षं पांढराशुभ्र, नीटनेटका वाडा नुसता उभा. फाटकावर पाटी होती, निवृत्त व्हायचा विचार करणाऱ्या भुतांनी राहण्यासाठी अर्ज करावेत अशा अर्थाची. लोक येता-जाता वाचायचे आणि आत काय शिजतंय याच्या अफवा उठवायचे.

आत खरं तर काही शिजतच नव्हतं. सगळी मंडळी १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या कामाला जुंपली होती. मग डिसेंबर १९६६ मध्ये खुद्द वॉल्ट डिस्ने गेले. आणि मागे राहिलेल्यांचं एकमत होईना. आधी लोकांनी चालत फिरायचा वाडा ठरला होता. केन अँडरसनने त्यासाठी गोष्टीही लिहिल्या होत्या. पण चालणारी गर्दी पुढे सरकत नाही. ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणायला आपल्याकडच्या देवळासारखा माणूस उभा करावा लागला असता. शेवटी न थांबणाऱ्या काळ्या गाड्यांची साखळी आली. ‘डूम बगी’ म्हणतात तिला.

आता खरी गंमत. वाडा सजवायला दोन माणसं होती. क्लॉड कोट्स हा सिनेमाची पार्श्वभूमी रंगवणारा, त्याला वातावरण हवं होतं: न संपणारे बोळ, आपोआप फुगणारी दारं, एकही भूत न दिसता वाटणारी भीती. मार्क डेव्हिस हा पात्रं काढणारा (क्रुएला, मॅलेफिसंट त्याच्याच), त्याला विनोद हवा होता. भांडण मिटलं ते असं की पहिला अर्धा भाग कोट्सचा आणि दुसरा डेव्हिसचा. आत जाताना घाबरायचं, बाहेर येताना स्मशानात गाणाऱ्या भुतांबरोबर मान डोलवायची. गाण्याचे शब्द एक्स अटेन्सिओचे, चाल बडी बेकरची.

दोन्ही सिनेमांनी तोच वाद घेतलाय. राइडमध्ये वाद जागेवरून सुटतो, अर्धा इकडे अर्धा तिकडे. सिनेमात एकाच दृश्यात दोघांनाही खूश करावं लागतं. एडी मर्फीने विनोद केला की टेरेन्स स्टॅम्पची भीती विरते, आणि स्टॅम्प आला की मर्फीचं काय करायचं ते दिग्दर्शकाला सुचत नाही.

दोन_पोरांची_आई

@पेटारा, नऊ वर्षांच्या मुलाला २००३चा दाखवलात? सुरुवातीलाच विषप्रयोग आहे आणि ग्रेसी गळफास घेतो. डिस्नेचा लोगो बघून मीही फसले होते. धाकटी तेव्हा सहाची. "तो माणूस वर का लटकलाय?" याचं उत्तर देताना माझी पाचावर धारण बसली.

माळ्यावरचा_पेटारा

@आई, भाच्याने तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं झोका खेळतोय. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना!

ऑरेंजकाउंटीकर

ते लटकणं राइडमधलंच आहे हो. सुरुवातीला अष्टकोनी खोलीत नेतात, दार बंद होतं. भिंतीवर साधी व्यक्तिचित्रं असतात. आवाज सांगतो की या खोलीला ना दार आहे ना खिडकी, काढा बाहेर पडायची वाट. खोली उंच होऊ लागते, चित्रं लांबत जातात आणि कळतं, छत्री धरलेली नाजूक बाई दोरीवर उभी आहे आणि खाली मगर आ वासून बसलीय. मग वीज चमकते आणि वर छताशी तो देह दिसतो. दोन-तीन सेकंद. लेकरं किंचाळतात, आईबाप हसतात.

रच्याकने, अनाहाइममध्ये ती खोली म्हणजे खरोखरची लिफ्ट आहे. छत जागेवर असतं, आपण खाली जातो. कारण मूळ राइड मावेल एवढी जागा वाड्यात नाहीच. ती आहे बागेच्या मातीच्या बांधापलीकडच्या मोठ्या शेडमध्ये, आणि तिथे जायला बागेच्या रेल्वेखालून जावं लागतं. लिफ्ट लपवायला खोली ताणली! फ्लोरिडात १ ऑक्टोबर १९७१ ला दुसरा वाडा उघडला, तिथे खाली जायची गरज नव्हती. पण युक्ती एवढी गाजलेली की तिथे उलट छत वर नेतात.

कापूसकोंड्या

म्हणजे ४० वर्षं लोक लिफ्टमध्ये उभं राहून घाबरतायत. आमच्या सोसायटीत फुकट आहे हे.

ऑरेंजकाउंटीकर

४० नाही हो, पन्नासच्या वर झाली.

स्पॉटलाइट

नेपथ्य-प्रकाशवाला असल्यामुळे राहवत नाही. राइडमधला नाचघर पाहिलात का? खाली मेजवानी चाललीय, पारदर्शक भुतं गोल गोल नाचतायत, जेवतायत, एक वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवतंय. बघणाऱ्याला वाटतं प्रोजेक्टर. तो प्रोजेक्टर नाही, नुसती काच आहे. डिसेंबर १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर याने डिकन्सच्या कथेसाठी ही करामत लोकांपुढे आणली. मूळ कल्पना हेन्री डर्क्सची, नाव मात्र पेपरचं लागलं. रात्री खिडकीशी बसलात की काचेत खोलीतला दिवा बाहेर झाडात टांगल्यासारखा दिसतो ना, तेच. आपण गॅलरीत, समोर अवाढव्य काच, काचेपलीकडे खरं टेबल, खऱ्या खुर्च्या. आणि नाचणाऱ्या बाहुल्या आपल्या वर आणि खाली काळ्या खोल्यांत लपवलेल्या. त्यांच्यावर दिवा पडला की काचेत भूत, दिवा गेला की भूत गायब.

यातली एक मजेशीर चूक: प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं हे बाहुल्या करताना कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यामुळे त्या नाचात बायका पुढाकार घेतात आणि पुरुष त्यांच्या मागे फिरतात. पन्नास वर्षांत कुणी बदललं नाही, आणि बदलूही नये.

आम्ही कॉलेजच्या एकांकिकेत हे करून पाहिलं होतं. आजोबांचा आत्मा दिवाणखान्यात अवतरतो असा प्रवेश. काच भाड्याने आणली, ती दुसऱ्याच तालमीला तडकली. काचवाल्याने अनामत ठेवून घेतली. मग ॲक्रिलिकचा पत्रा लावला, तो मधे पोक काढायचा. प्रयोगाला आजोबा अवतरले ते ढेरी हलवत, जत्रेतल्या आरशात दिसावेत तसे. प्रेक्षक खो खो हसले. परीक्षकांनी ‘विनोदनिर्मिती उत्तम’ म्हणून शेरा दिला. नाटक शोकांतिका होतं.

सांगायचा मुद्दा: राइडमधलं भूत आणि आपण एकाच हवेत असतो. त्या टेबलावरची धूळ खरी असते. सिनेमात तेच भूत संगणकावर काढतात आणि पडद्यावर काहीही शक्य असतं हे आपल्याला माहीत असतं. जादूगाराने रंगमंचावर कबूतर काढणं आणि सिनेमात कबूतर निघणं यातला हा फरक. म्हणून पेटारा, मला तुमचं ‘गोष्ट नाही’ पटत नाही. गोष्ट असती तरी सिनेमा राइडपुढे फिकाच पडला असता.

वेंगुर्ल्याची_वेडी

नवशे नव्याण्णव भुतां एका घरात? मेल्यांनू, आमच्या वाडीत एकच देवचार असा, त्याका वरसाक नारळ नि विडी दिवची लागता. नवशे नव्याण्णव म्हटल्यार नारळांचो हिशेब कोण करतलो?

कापूसकोंड्या

@वेडी, अर्ज करून घेतलीत ना आत, नारळाचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला असेल.

वेंगुर्ल्याची_वेडी

दिवे घेतले. पण खरंच सांगते, मला हे वेगळं वाटतं. आपल्याकडे प्रत्येक भुताला हद्द असते. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, देवचार आपल्या वाटेवर, चकवा ठरावीक माळावर. त्याच्या हद्दीत तू गेलास तर तो. यांची भुतं जगभरातून सामान उचलून एका बंगल्यात राहायला येतात, पार्ट्या करतात. वृद्धाश्रम म्हणा किंवा रिसॉर्ट म्हणा. त्यामुळे ती भीतिदायक वाटतच नाहीत, शेजारी वाटतात.

फक्त एक गोष्ट ओळखीची निघाली. राइडच्या शेवटी तीन भुतं आपल्या गाडीत बसलेली आरशात दिसतात म्हणे. आणि २०२३च्या सिनेमात वाड्यात गेलेल्याच्या मागे भूत घरी येतं. बेनच्या घरी तो खलाशी येतो, सगळीकडे पाणी पाणी. हे आमच्या आजीच्या तोंडचं वाक्य आहे: "तिन्हीसांजेची खय फिरतंस, कायतरी पाठ धरीत." मागे लागणं! सिनेमात मला तेवढाच भाग खरा वाटला, कारण त्याच्या मागे जे लागलंय ते खलाशी नाही, मेलेली बायको आहे, आणि ती मात्र दिसत नाही.

माळ्यावरचा_पेटारा

@वेडी, हे शेवटचं वाक्य मला सुचायला हवं होतं.

बारा_आण्याचं_तिकीट

पॉपकॉर्न संपले, आता बोलतो.

‘राइडमध्ये गोष्ट नाही म्हणून सिनेमा पडतो’ हे म्हणणं एका नावाने खलास होतं: पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. त्या राइडमध्ये (१९६७) तरी कुठली गोष्ट होती? चाचे दारू पितात, गाव जाळतात, कुत्र्याच्या तोंडातल्या किल्लीला तुरुंगातले कैदी हाका मारतात. संपलं. त्यावरून २००३च्या जुलैत सिनेमा आला आणि धो धो चालला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाँटेड मॅन्शन आला. एकच कंपनी, एकच वर्ष, दोन्ही गोष्टी नसलेल्या राइड.

आणि २००३चा हाँटेड मॅन्शन पडला असं जे सगळे म्हणतात ते चूक आहे. टीकाकारांनी झोडपला हे खरं, पण सुमारे ९ कोटी डॉलर खर्चात जगभरातून १८ कोटींच्या वर जमवले. पडला तो २०२३चा. खर्च १५ कोटींच्या आसपास, कमाई ११-१२ कोटी. त्याला कारणंही आहेत. हॅलोवीनचा सिनेमा भर जुलैत लावला, तोही बार्बी आणि ओपनहायमर लागल्यानंतर बरोबर एका आठवड्याने. वर नटांचा संप सुरू, त्यामुळे डिस्नेलँडमधल्या प्रीमियरच्या लाल गालिच्यावर एकही नट नाही, बागेतली पात्रंच फिरली. भुताच्या सिनेमाला याहून योग्य प्रीमियर काय असणार!

ऑरेंजकाउंटीकर

@तिकीट, मुद्दा बिनतोड. पण दोन राइडमध्ये एक फरक आहे. चाच्यांच्या राइडमध्ये आपण होडीत बसून दुसऱ्यांचा दंगा बघतो. माणसं समोर आहेतच, सिनेमाने त्यांतून एक जॅक स्पॅरो उभा केला की झालं. वाड्यात माणूस एकच असतो, आपण. तो अदृश्य यजमान आपल्याशी बोलतो (आवाज पॉल फ्रीसचा). गाडी आपलं तोंड हवं तिकडे वळवते. गंमत म्हणजे हे सगळे सिनेमावालेच होते, त्यांना कॅमेरा कसा फिरवायचा ते ठाऊक होतं. शेवटी सांगतात की वाड्यात ९९९ भुतं आहेत, हजाराव्याला जागा आहे, येतोस का? गोष्ट आहे, पेटारा. नायक तिकीट काढून आलेला आहे. आता सिनेमा काढायचा तर तुम्हाला त्या गाडीतून उठवून तिथे एडी मर्फीला बसवावं लागतं. तुम्ही मागच्या गाडीत. कितीही चांगला नट असला तरी माझी जागा घेतली म्हणून मी त्याच्यावर जरा रागावलेलोच असतो.

आणि पायरेट्सच्या बाबतीत सिनेमा उलट राइडमध्ये घुसला, २००६ पासून जॅक स्पॅरो तिथे ठाण मांडून आहे. वाड्यात उलट झालं. १९६९ साली ‘हॅटबॉक्स घोस्ट’ नावाचं एक भूत बसवलं होतं. हातात टोपीचा डबा. खांद्यावरचं डोकं नाहीसं होऊन डब्यात दिसायला हवं. ते नाहीसंच होईना! गाड्या फार जवळून जायच्या, आजूबाजूचा उजेड पडायचा. थोड्याच दिवसांत काढून टाकलं. चाहत्यांनी त्याच्या आख्यायिका केल्या. २०१५ मध्ये नव्या तंत्राने ते परत आणलं. आणि २०२३च्या सिनेमात तोच खलनायक! कामावरून काढलेला माणूस ५४ वर्षांनी मालक होऊन आला. त्याला नाव दिलंय ॲलिस्टर क्रम्प. रॉली क्रम्प हा वाड्याच्या सुरुवातीच्या कारागिरांपैकी एक. २००३च्या सिनेमातला मालक ग्रेसी, ते नाव येल ग्रेसी या दुसऱ्या कारागिराचं. भविष्यवेत्ती मॅडम लिओटा आहे ना, काचेच्या गोळ्यातलं मुंडकं, तो चेहरा लिओटा टूम्ब्स या तिथल्याच कर्मचारी बाईंचा. आवाज एलिनॉर ऑडलीचा.

स्पॉटलाइट

लिओटाबाईंचा चेहरा आधी चित्रित केला आणि नुसत्या पुतळ्याच्या डोक्यावर तो सिनेमा पाडला. १९६९ मध्ये! गाणाऱ्या अर्धपुतळ्यांचंही तसंच. त्यातला मान मोडलेला पुतळा वॉल्ट डिस्नेसारखा दिसतो म्हणतात, तो खरा गायक थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट. आणि ग्रंथालयातले पुतळे जे मान वळवून आपल्याकडे बघत राहतात ते हलतच नाहीत. चेहरे उलटे, आत खोलगट कोरलेत. फसतो तो आपला डोळा. गणपतीच्या मखरात कुणीतरी करा रे हे एकदा.

दोन_पोरांची_आई

तुमचं तंत्र-मंत्र चालू द्या, मी दुसऱ्या सिनेमाबद्दल बोलते. इथे सगळे २०२३च्याला ‘पडलेला’ म्हणून बाजूला सारतायत. आमच्या घरी तो वेगळा लागला.

सासरे मार्चमध्ये गेले. मोठ्याचं आजोबांशी फार गूळपीठ होतं. गेल्यानंतर तो एकदाही रडला नाही. फक्त त्यांच्या खोलीत जाईना. आम्हीही विषय काढला नाही, काय बोलावं कळत नव्हतं. सिनेमा लावला तो टाइमपास म्हणून. त्यात ट्रॅव्हिसचे बाबा गेलेत, आणि खलनायक नेमकं तेच वापरतो. त्या मुलाला सांगतो की इकडे आलास तर बाबा भेटतील. त्याला वाड्यात हजारावा जीव हवाय. बेनलाही तसंच खेचतो. ज्यांचं माणूस गेलंय त्यांनाच तो गाठतो. मोठा मधेच म्हणाला, "आई, थांबव." मला वाटलं घाबरला. म्हणाला, "आजोबा असं बोलावणार नाहीत ना?" मग त्या रात्री साडेअकरापर्यंत बोललो. उरलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी पाहिला.

त्यामुळे विनोद फसले, ओवेन विल्सनचा पाद्री खोटा निघाला काय, डॅनी डेव्हिटो उगाच होता काय, मला फरक पडत नाही. लहान मुलांना थेट विचारता येत नाहीत अशा गोष्टी भुताच्या आडून विचारता येतात.

(तरी नऊच्या खालच्यांना नको. त्याला अमेरिकेत पीजी-१३ हे कडक प्रमाणपत्र दिलंय, २००३च्याला नुसतं पीजी, म्हणजे सौम्य. गळफास असूनही. काय ते निकष!)

वेंगुर्ल्याची_वेडी

@आई, __/\__

बारा_आण्याचं_तिकीट

@आई, तुमचा प्रतिसाद वाचून आकडे मागे घेत नाही, पण आवाज खाली करतो. एक भर घालतो: दिग्दर्शक जस्टिन सिमियन कॉलेजात असताना डिस्नेलँडमध्ये नोकरी करायचा. आणि गोष्ट न्यू ऑर्लिन्समध्ये ठेवली हे डोक्याने केलंय. डिस्नेलँडमधला वाडा ‘न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर’मध्येच आहे. त्या गावात अंत्ययात्रेला बँड असतो. जाताना संथ, रडकं वाजवतात आणि परतताना नाचायची धून. कोट्स आणि डेव्हिसचं भांडण त्या गावाने कधीच मिटवून ठेवलंय. सिनेमाने हा धागा आणखी ओढायला हवा होता, मधेच सीजीआयच्या (संगणकी चित्रांच्या) नादी लागले.

२०१० मध्ये भयपटवाल्या गिलेर्मो देल तोरोचं नाव जाहीर झालं होतं या सिनेमासाठी. तो झाला असता तर आईंच्या दोन्ही पोरांना गादी ओली करावी लागली असती.

दोन_पोरांची_आई

माझ्या पोरांवर घसरू नका. :)

स्पॉटलाइट

अवांतर: इतर देशांतल्या वाड्यांबद्दल कुणी लिहा ना. टोकियोत तो परीकथांच्या विभागात आहे असं वाचलंय.

ऑरेंजकाउंटीकर

हो, टोकियोत १९८३ पासून फँटसीलँडमध्ये, म्हणजे सिंड्रेलाच्या शेजारी. पॅरिसमध्ये १९९२ पासून ‘फँटम मॅनर’, तो वेस्टर्न सिनेमातल्या गावाशेजारच्या टेकडीवर, आत नवरीची गोष्ट. म्हणजे पॅरिसवाल्यांनी गोष्ट घातलीच. आणि हाँगकाँगमध्ये २०१३ साली ‘मिस्टिक मॅनर’ केला त्यात भुतंच नाहीत! तिथे मेलेल्यांची चेष्टा चालत नाही, म्हणून एक हौशी संग्राहक, त्याचं माकड आणि एक जादूची पेटी. माकड पेटी उघडतं, संग्रहातल्या वस्तू जिवंत होतात. संगीत डॅनी एल्फमनचं. अनेकांना तो सगळ्यांत सरस वाटतो. वेडीताईंचा नारळांचा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

कापूसकोंड्या

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’ची राइड आहे, म्हणजे सिनेमावरून राइड. उलटी गंगा. तिथेच सलीमगढ म्हणून अंधारात चालायचं भुताटकीचं प्रकरण आहे. बायको पुढे, मी मागे असे गेलो होतो. अर्ध्या वाटेत कळलं की ज्या बाईची ओढणी घट्ट धरलीय ती बायको नाही. भुतांपेक्षा नंतरचं भयंकर होतं.

वेंगुर्ल्याची_वेडी

फुटले!!

माळ्यावरचा_पेटारा

सगळ्यांचे आभार. एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. माझं मत निम्मं बदललं. ‘गोष्ट नाही’ हे मागे घेतो, ऑरेंजकाउंटीकरांचं ‘आपली जागा घेतली’ पटलं. तरी २००३च्या सिनेमात एक दृश्य मी कुणालाही बघायला सांगेन: टेरेन्स स्टॅम्पचा बटलर नुसता दारात उभा राहतो, काही करत नाही, आवाजही चढवत नाही. त्या माणसाने अख्ख्या सिनेमात एकट्याने वाडा झपाटलाय. बाकी भुतं किरकोळ.

भाच्याचं म्हणाल तर: दोन्ही सिनेमे पाहून ढाराढूर झोपला, काही झालं नाही. मग काल मी शहाणपणा करून त्याला त्या लांबणाऱ्या खोलीचा व्हिडिओ दाखवला आणि ती खरं तर लिफ्ट आहे हे समजावून सांगितलं. आज सकाळपासून तो आमच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नाही. सहा मजले. दूध, पेपर, भाजी, तीन खेपा झाल्या. ताई रविवारी न्यायला येतेय.

कापूसकोंड्या

फक्त वीस मिनिटं लागतील म्हणावं.